सहाशे चाळीस ग्रॅमची काट

कापसाचं वजन वाढवायला मी गाठोड्यात पुस्तक कोंबलं, असा आळ माझ्यावर या मंगळवारी आला. भर अंगणात, सुनेसमोर, तमाशा बघायला जमलेल्या शेजारच्या बायांसमोर. लोक कापसावर पाणी मारतात, कवडी म्हणजे किडका कापूस मिसळतात, हे ऐकून आहे. कादंबरी मिसळणारी राळेगाव तालुक्यात मी पहिलीच असेन.

झालं होतं एवढंच. दिवाळीनंतर वेचणीचा कापूस घरी यायला लागला, भाव पटेना, म्हणून मुलानं तो माझ्या खोलीत भरला. मी तेव्हा लेकीकडे वर्ध्याला. परत येऊन बघते तर माझी खाट ओसरीवर आणि खोली खिडकीच्या गजांपर्यंत पांढरी. माझी पुस्तकं ठेवायची दिवळी त्यात पार बुडालेली. तिच्यात वाचनालयातून आणलेली एक जाडजूड कादंबरी होती, अर्ध्यात सोडलेली. नायिका नवऱ्याचं घर सोडून रात्रीची स्टेशनावर उभी होती. संक्रांत गेली, शिवरात्र गेली, बाई आपली स्टेशनावरच.

खोली मोकळी कर म्हटलं की मुलगा म्हणे, "भाव वाढू दे ना आई." २०२२ साली कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. ते वर्ष आमच्या घरातल्या पुरुषांच्या डोक्यातून काही उतरत नाही. यंदाच्या, म्हणजे २०२५-२६ च्या, हंगामाला लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये ठरला, पण तो पदरात पडायला आधी ॲपवर नोंदणी, मग सातबारा, मग पीकपेरा, मग नंबर लागायची वाट. नंबर लागला तरी ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला की गाडी घरी. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं आणि आमची वेचणी ऐन भरात असताना, डिसेंबर संपेपर्यंत, ते तसंच ठेवलं. परदेशातला कापूस गिरणीत आणि आमचा माझ्या खाटेच्या जागेवर. एवढा मोठा निर्णय घेताना बाप्पा, निदान बुढीला तिची पुस्तकं तरी काढून घेऊ द्यायची.

कापसासोबत राहणं म्हणजे काय, ते शहरातल्या माणसाला सुती साडी नेसून कळत नाही. अंगाला खाज सुटते ती वेगळी. नातवंडं पलंगावरून त्यात उड्या मारतात. मांजरीनं कोपरा बघून तिथं पिल्लं घातली. ठिणगीच्या भीतीनं देवापुढची उदबत्ती बंद, दिवा अंगणातल्या तुळशीपाशी. आमच्या ह्यांची बिडी मात्र घरातून हद्दपार झाली, एवढाच काय तो भाव वाढला.

मी लग्न होऊन आले तेव्हा एकाधिकार खरेदी नवीनच होती. १९७२ साली सुरू झालेली. सरकारशिवाय कोणाला कापूस विकायचीच सोय नव्हती. सासरे बैलबंडी घेऊन केंद्रावर रांगेत मुक्कामाला जात आणि परत आले की आठवडाभर शिव्या देत. चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, कधी मिळेल याचा नेम नसायचा. पण कापूस घरातून जायचा तरी. तेव्हा मला स्वतःची खोलीच नव्हती, ही गोष्ट वेगळी.

तर मंगळवारी गाडी आली. व्यापारी समोरच्या सीटवरच बसून राहिला. खाली उतरला तो त्याचा काटेवाला. तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा, त्यामुळे मान कायम वर, सगळ्या जगाशी नाकाच्या शेंड्यावरून बोलणार. आमच्या ओसरीच्या आड्याला त्यानं काटा टांगला. गाठोडी वर चढायला लागली. चौथं गाठोडं चढवताना त्याचा हात काहीतरी कडक वस्तूला लागला. दगड सापडल्याच्या आनंदात त्यानं हात आत घातला आणि बाहेर काढली माझी कादंबरी.

"हे काय व्हय?"

"पुस्तक आहे," मी म्हटलं. इतक्या दिवसांनी दिसलं होतं, मला भरूनच आलं.

"कापसात?"

"पुस्तक कापसात नाही घातलं रे बाबा, कापूस पुस्तकावर घातला."

हा फरक त्याला पटला नाही. त्यानं ती कादंबरी थैलीत घातली, थैली काट्याला लावली आणि आकडा सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असा वाचला. सहाशे चाळीस ग्रॅम.

"आता मले सांगा आजी, एका गाठोड्यात येवढं निंघालं. गाठोडे किती हाय?"

"अकरा."

"म्हंजे सात किलो." चाळीस ग्रॅम त्यानं उदारपणे सोडून दिले असं मला वाटलं, पण नाही, वहीत सात किलो चाळीसच लिहिलं.

"अरे, प्रत्येक गाठोड्यात पुस्तक आहे का?"

"थे मले का माईत? मी काय वाचून रायलो का?"

आमचे हे तंबाखू मळत बसले होते. मला वाटलं, आता तरी काही बोलतील. बोलले. "वजन तर असतेच पुस्तकाले."

मग मी हिशेबावर उतरले. जुनी सातवी शिकले आहे, हिशेब मला येतो. "हे बघ, तू भाव लावला सात हजार दोनशे. किलोला झाले बहात्तर. सहाशे चाळीस ग्रॅमचे शेहेचाळीस रुपये. आता पुस्तकावरची किंमत वाच. साडेपाचशे! साडेपाचशेचा माल शेहेचाळीस रुपयांत देणारी येडी मी तुला दिसते का?"

त्यानं मान आणखी वर केली, खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला आणि शांतपणे म्हणाला, "कास्तकार थेच तर करते आजी."

अंगणात हशा पिकला. गाडीतला व्यापारीसुद्धा हसला, म्हणजे ऐकत होता तर. हसला नाही तो फक्त माझा मुलगा. ३१ मार्चच्या आत सोसायटीचं पीककर्ज भरायचं आहे. ही गाडी परत गेली तर दुसरी कधी येईल, आणि आली तर काय भाव घेऊन येईल, त्याचा भरवसा नाही. तो खाली बघून गाठोडं बांधत राहिला. सून माझ्या कानाशी, "जाऊ द्या ना आई." या घरात पुस्तकांबद्दल काहीही झालं की मला हेच सांगतात. एकदा नातवानं एका चरित्राच्या पानांच्या होड्या केल्या, तेव्हाही जाऊ द्या ना आई.

तेवढ्यात काटेवाल्याला शिक्का दिसला. "हे तं वाचनालयाचं हाय! सरकारी मालही कापसात?" सार्वजनिक वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि आमचं शेवटचं. कपाटं मोजकी, त्यातल्या एकाची किल्ली हरवलेली. पण सरकारी म्हटल्यावर बायांमध्ये कुजबुज वाढली. मी हात पुढे केला, "दे इकडे." तो द्यायला तयार होता, खोटं कशाला बोलू. पण देण्याआधी त्यानं पुस्तक मागच्या बाजूनं उघडलं. माल खालून तपासायची सवय असेल. बोट ठेवून एकेक शब्द उचलत त्यानं मोठ्यानं वाचलं, "आणि... सुमित्रेनं... डोळे... मिटले... ते... कायमचेच."

मग माझ्याकडे बघून, अगदी हळहळून, "मेली न हे, आजी."

मी काही बोलण्याआधीच शेजारची म्हातारी, जिला एका कानानं कमी आणि दुसऱ्या कानानं भलतंच ऐकू येतं, तिनं पदर तोंडाला लावला. "कोण मेली वं माय? सुमित्रा? घाटंजीवाली?"

"घाटंजीवाली नाही, पुस्तकातली," सून म्हणाली.

"कायनं गेली?"

"लिव्हलं नाही," काटेवाला म्हणाला. "शेवटच्या पानावर निस्ती मेली."

"लेकरंबाळं?"

त्यानं एक पान मागे उलटून बघितलं, तेव्हा मी झडप घालून पुस्तक ओढलं. संध्याकाळपर्यंत घाटंजीला फोन गेला होता. ती खरी सुमित्रा जिवंत आहे आणि माझ्यावर चिडली आहे, असं कळलं.

वजनाचं मी समजून घेतलं असतं. सात किलो चाळीस ग्रॅम, पाचशे सात रुपये. व्यापारी तसेही क्विंटलमागे काहीतरी काटतातच, कधी ओलावा म्हणून, कधी कचरा म्हणून, यंदा साहित्य म्हणून. पण जिच्यासाठी मी थंडीभर ओसरीवर झोपून, अंग खाजवत, तिची गाडी आली का या काळजीत होते, तिला त्या माणसानं खर्रा खात खात मारून टाकलं आणि पुढचं गाठोडं वर चढवलं. राग राग केला तरी कोणावर करणार? पावतीवर सही मुलानं केली.

खोली मोकळी झाली. खाट आत आली. उरलेली कादंबरी मी वाचून काढली, पानापानात अडकलेले धागे काढत काढत. सुमित्रा गाडीत बसते, नागपूरला पोचते, नोकरी लागते, सगळं छान चाललेलं असतं, आणि मी आपली प्रत्येक प्रकरणात म्हणतेय, बाई, तुझं काही खरं नाही.

काल रात्री मुलाच्या मोबाइलवर काटेवाल्याचा फोन आला. जिनिंगच्या कारखान्यावर गाडी खाली व्हायला वेळ होता आणि त्याची ड्रायव्हरशी पैज लागली होती. "आजीले इचारा ना भौ, थे बाई कायनं मेली?" त्याचं म्हणणं हार्टफेल, ड्रायव्हरचं म्हणणं सासरच्यांनी काही खाऊ घातलं.

मी मुलाच्या हातून फोन घेतला. म्हटलं, सांगते, पण आधी सात किलो चाळीस ग्रॅमचे पैसे. तो म्हणाला, मालकाले इचारा लागन. थोड्या वेळानं त्याचाच फोन, तीन किलोचे देतो, दोनशे सोळा, माह्या खिशातून. मुलगा समोर उभा राहून खुणा करत होता, घेऊन टाक, घेऊन टाक. मी काटेवाल्याला सांगितलं, दोनशे सोळात फक्त रोग होता की विष होतं तेवढं मिळेल. कोणी दिलं ते ऐकायचं असेल तर वरचे दोनशे एक्याण्णव.

त्यानं फोन ठेवला. आज सकाळपासून मिस्ड कॉल येताहेत.