‘सरकतं तिथे ग्रीस, फिरतं तिथे तेल’ हा नियम बंदुकीला चालत नाही

बंदुकीच्या देखभालीबद्दल एक वाक्य सगळीकडे फिरतं : ‘जो भाग सरकतो त्याला ग्रीस, जो फिरतो त्याला तेल. आणि ग्रीस जाड, म्हणून ते केव्हाही जास्त टिकाऊ.’ लक्षात ठेवायला सोपं आहे, पण चुकीचं आहे. त्यावर विसंबून लोक चांगली हत्यारं बिघडवतात, म्हणून लिहितो आहे.

आधी ‘फिरतं तिथे तेल’. अमेरिकी सैन्याने 1936 साली एम-1 गॅरँड रायफल स्वीकारली. तिचा बोल्ट, म्हणजे काडतुसामागून नळी बंद करणारा तुकडा, फिरून बंद होतो; म्हणजे नियमाप्रमाणे तिथे तेल हवं. प्रत्यक्षात मुसळधार पावसात तेल धुऊन जायचं. ऑपरेटिंग रॉड (वायूच्या दाबाने मागे जाणारा दांडा) बोल्टला रेटून फिरवतो त्या जागी पोलादावर पोलाद कोरडं घासायचं आणि रायफल अडकायची. उपाय ठरला ग्रीसचा. सैनिकांना ग्रीसची इवलीशी डबी मिळू लागली, ती रायफलच्या दस्त्यातच मावायची.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची डबलबारी (दोन नळ्यांची) बंदूक बघा. काडतूस भरताना ती ज्या खिळीवर दुमडून उघडते, तो भाग फिरतोच. पण तो फिरतो हळू आणि सोसतो मोठा दाब. तिथे बोटाच्या टोकावर येईल एवढं ग्रीसच योग्य. पावसाळ्यात तर नक्कीच.

आता ‘सरकतं तिथे ग्रीस’. ग्लॉक पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे होणारा भाग, सरकतेच ना? तरी माहितीपुस्तिका तिच्या खाचांना थेंबभर तेलच सांगते. एम-16 रायफलमध्ये बोल्टचा कॅरियर (बोल्टला वाहून नेणारा भाग) वेगाने मागेपुढे धावतो, आणि नळीतला वायू जळकी काजळी थेट त्याच्यावर आणून सोडतो. तिथे जाड ग्रीस थापलं की काजळी त्यात कालवली जाऊन लगदा होतो. पातळ तेलात ती सुटी राहते, पुसली जाते.

राहिलं जाडपण. ग्रीस म्हणजे बहुतांशी तेलच, साबणासारख्या पदार्थात धरून ठेवलेलं. ते जागचं हलत नाही हा त्याचा गुण, आणि कडाक्याच्या थंडीत तोच दोष. 1941 च्या हिवाळ्यात मॉस्कोपुढे जर्मन सैन्याची शस्त्रं वंगण गोठल्यामुळे अडकत होती.

तेव्हा भाग सरकतो की फिरतो हे सोडा. दाब किती, वेग किती, पाणी-धूळ किती, थंडी किती, ते बघा. आणि फायरिंग पिनच्या, म्हणजे काडतुसावर टोला मारणाऱ्या पिनच्या, भोकात ग्रीस भरू नका : पिनची हालचाल जड होते, टोला हलका बसतो, काडतूस उडतच नाही.