चिमणी आणि स्विच

गेल्या शनिवारी पुण्याच्या तापकीर गल्लीत एका अनोळखी गृहस्थांनी मला स्विच (दिव्याचे बटण नव्हे, इंटरनेटची एक वायर अनेक घरांना वाटून देणारी पेटी) कसा निवडावा हे शिकवले आणि दुकानदाराने माझे सोडून त्यांचे ऐकले, याचा राग अजून गेलेला नाही. तालुक्याच्या गावात ४५० घरांना इंटरनेट पुरवणारा मी माणूस. २४ गिगाबिट पोर्ट (वायर लावायची, सेकंदाला एक गिगाबिट वेगाची भोके), वर दहा गिगाबिटचे चार फायबर पोर्ट आणि पंखा नसलेला मॅनेज्ड स्विच, म्हणजे कुठल्या पोर्टावर काय चालू द्यायचे ते ठरवता येणारा, एवढे घरूनच ठरवून निघालो होतो. माहितीपत्रकावर ‘क्षमता १२८ गिगाबिट’ असे ठळक छापलेले होते. वास्तविक २४ आणि ४० मिळून ६४ होतात; जाणारे आणि येणारे वेगवेगळे मोजले की त्याचे १२८ होतात. या हिशेबाने माझ्या घराला दोन दरवाजे आहेत, कारण त्यातून आतही येता येते आणि बाहेरही जाता येते.

हे गृहस्थ चिमणीच्या आवाजाची दारावरची घंटा बदलून घ्यायला आले होते आणि दर मिनिटाला ती वाजवून पाहत होते. मध्येच त्यांनी माझा स्विच उचलला, कलिंगड पारखावे तसा त्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, “वजन नाही हो यात.”

“काका, हा वजनावर घेत नाहीत.”

“पंखा आहे?”

“नाही.”

“मग तापणार. कोण तुम्ही? केबलवाले?”

इंटरनेट पुरवतो असे सांगण्याची चूक मी केली. त्यासरशी त्यांच्या घरचे इंटरनेट रात्री का बंद पडते, याचा जाब त्यांनी मला विचारला. माझे गाव तिथून तीन तासांवर आहे, याचे त्यांना काहीच नव्हते. “मागे तर मी स्वतः वायर काढून राउटरच्या पिवळ्या भोकात घातली, निळे भोक सैल झाले होते म्हणून. त्याच रात्री अख्ख्या इमारतीचे बंद! इतके बेभरवशाचे लोक आहात तुम्ही.”

मी थक्क होऊन पाहत राहिलो. बाहेरून येणारी वायर निळ्याऐवजी घरातल्या यंत्रांसाठीच्या पिवळ्या भोकात गेली की घरातला राउटर शेजाऱ्यांच्या यंत्रांनाही इंटरनेटवरचे पत्ते (आयपी अ‍ॅड्रेस) वाटू लागतो आणि साध्या स्विचवरची सगळी इमारत चुकीच्या पत्त्यावर जाऊन बसते. ते वाटप पोर्टावरच अडवता यावे, एवढ्यासाठी मी मॅनेज्ड स्विचचे जास्तीचे पैसे मोजत होतो. ज्यांच्या भीतीने खरेदीला आलो, तेच शेजारी उभे राहून सल्ला देत होते. हे मी त्यांना समजावूनही सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि चिमणी वाजवली.

“काका म्हणतात ते खरे आहे,” दुकानदार म्हणाला, “पंखेवालाच न्या.” तो अर्थातच महाग होता. त्यांची घंटा बिल न पाहता बदलून मिळाली. मला शंभर रुपयेही सुटले नाहीत, वर १८ टक्के जीएसटी. महिन्याला पाचशे रुपये देणारे गिऱ्हाईक रात्री अकराला फोन करून शिव्या घालते, त्या पाचशेतही कर आलाच, आणि उरलेल्यातून मी हे लोखंड विकत घेतो.

जिन्याखालच्या पत्र्याच्या पेटीत तो पंखेवाला स्विच आता बसवला आहे. तापत नाही, हे कबूल करावे लागते. परंतु काल तळमजल्यावरच्या काकूंचा फोन आला, “तुमचे ते डबडे रात्रभर घोंघावते, झोप लागत नाही. बंद करून ठेवले आहे.”