मेंदूचं अर्धं तिकीट

गेल्या शनिवारी मी एका रिकाम्या खोक्याचं भाडं भरलं. रक्कम सांगत नाही, कारण आईला ती अजून कळलेली नाही. राग पैशांचा नाहीच. कुडाळ ते मालवण तो खोका सीटवर ऐसपैस बसून आला आणि मी ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून, अर्धा आत आणि अर्धा जुलैच्या पावसात, हा राग आहे.

खोका थर्मोकोलचा. मुंबईत एका प्रयोगशाळेत ब्रेन ट्यूमरवर संशोधन चालतं, तिथे मी दोन महिने इंटर्नशिप केली. कोरड्या बर्फात घालून रसायनं येतात, ती काढून घेतली की खोके फेकून देतात. जाड, घट्ट झाकणाचे, नवेकोरे खोके! हे मी एकदा फोनवर बोलून गेलो. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपणार, मग मामाला सुरमई पाठवायची म्हटली की घरात असा खोका हवाच. आईने निघताना बजावलं, "सर्टिफिकेट ऱ्हवला तरी चलात, खोको इसरू नको."

मी दोन्ही आणलं. सर्टिफिकेटावर माझं आडनाव चुकलंय. खोक्यावरचा मजकूर मात्र बिनचूक होता. एका बाजूला कोरड्या बर्फाचा 'यूएन १८४५' हा छापील शिक्का, आणि दुसऱ्या बाजूला, शेजारच्या लॅबने पळवू नये म्हणून कुणीतरी जाड मार्करने लिहिलेलं 'ब्रेन ट्यूमर'.

सिक्स सीटरमध्ये माझ्या समोर एक आजोबा होते. धोतर, मांडीत ओली छत्री, आणि चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. पिंगुळीच्या बाजूचे असावेत. त्यांनी खोका वाचला. मग मला वाचलं. मग परत खोका.

"ह्यात काय हा रे?"

"काय नाय आजोबा. रिकामो हा."

"रिकामो खोको घेवन मुंबयसून कोण येता?"

"आवशीन सांगल्यान."

"आवशीन मेंदू हाडूक सांगल्यान?"

आता गाडीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी झाकण उघडून दाखवायला गेलो, तर आजोबांनी छत्रीचं टोक झाकणावर रोवलं. "उगडू नको! वारो लागात!" कुणाला वारा लागेल, मला की त्याला, हे स्पष्ट झालं नाही.

ड्रायव्हर इतका वेळ तंबाखूच्या पुडीत रमला होता. त्याने मान वळवली. "मेंदू हा? मगे सीटचे पैशे पडतले. अर्धे. बारक्या पोराचे घेतंय तितकेच."

इथे आजोबा माझी बाजू घेतील असं मला वाटलं. त्यांनी मेंदूची घेतली.

"अर्धे कित्या? अर्ध्या मेंदवाची माणसां पुरी सीट अडवून फिरतत, आणि अख्ख्या मेंदवाक अर्धी सीट?"

ड्रायव्हर विचारात पडला. मुद्दा तसा बिनतोड होता. मी म्हटलं, सामान म्हणून टपावर टाका. आजोबा संतापले. माणूस चालवणारा कोण? मेंदू. हातपाय हे सामान, मेंदू हा पॅसेंजर. म्हणजे खरं तर बाकीच्यांनीच टपावर बसायला पाहिजे. ड्रायव्हरने पूर्ण सीट लावली आणि मला पुढे घेतलं.

गप्प बसायची संधी अजून होती. पण दोन महिन्यांत मला कुणी एक प्रश्न विचारला नव्हता, 'पिपेटचे टिप्स भरलेस का' हा सोडून. त्यामुळे नेरूरपारचा पूल ओलांडताना आजोबांनी मागून "बरां, मेंदू कोणाचो?" असं विचारलं, तेव्हा मी सुटलो.

सांगितलं, की मेंदू नाही, पेशी. त्याही लॅबमध्येच. यू ८७ नावाच्या. १९६० च्या दशकात स्वीडनमधल्या उप्साला इथे एका रुग्णाच्या गाठीतून घेतल्या म्हणतात. ग्लिओब्लास्टोमा, मेंदूच्या गाठींतली फार वाईट जात. तेव्हापासून त्या जगभर वाढवतात. ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, दर दोन-तीन दिवसांनी ताजं खाणं. खाणं म्हणजे गुलाबी पाणी, अगदी आपल्या सोलकढीच्या रंगाचं, फक्त हे आंबट झालं की पिवळं पडतं. आणि मग गंमत सांगायच्या भरात हेही सांगून टाकलं, की २०१६ मध्ये उप्सालाच्याच संशोधकांनी तपासलं, तर जगभर वाटल्या गेलेल्या या पेशी त्या मूळ रुग्णाच्या नाहीतच असं निघालं. आहेत मेंदूच्या गाठीच्याच बहुतेक, पण कुणाच्या ते माहीत नाही.

गाडीत शांतता पसरली.

"म्हणजे बेवारस," आजोबा म्हणाले.

"तसाच."

"मगे त्येचे दिवसकार्य केल्यानी?"

"कोणाचे?"

"ज्येचो मेंदू त्येचे! जीव अडाकलोहा थंय. म्हणान मरनत नाय."

या पेशी मरत का नाहीत, यावर आमच्या सरांनी स्लाइड दाखवून तासभर घेतला होता. आजोबांनी नेरूरपार ते काळसे एवढ्यात संपवलं.

पुढे धामापूरपर्यंत मोबाइलचा विषय. टॉवर बसल्यापासून शेजाऱ्याची म्हैस तोंड फिरवून उभी राहते, म्हणजे टॉवरने ट्यूमर होतो की नाही? मी म्हटलं, २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्थेने मोबाइलच्या लहरी 'कदाचित कर्करोग होऊ शकतो' या गटात घातल्या, २ बी मध्ये. त्याच गटात आशियाई पद्धतीच्या लोणच्यातल्या भाज्यासुद्धा आहेत, तेव्हा घाबरू नका. हे मी धीर द्यायला बोललो. पण मागच्या सीटवर एका वहिनींच्या मांडीवर करमलाच्या लोणच्याची बरणी होती, मुलीच्या सासरी निघालेली. हे लोणचं पूर्वेकडचं, चीन-बीनकडचं, आपलं नव्हे, हे मी सांगेपर्यंत त्यांनी बरणी पदराखाली घेतली होती. चौकेला उतरताना त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की यू ८७ मी प्यायलो असतो.

त्यांच्या जागेवर जी काकी सरकली, ती तोपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. तिने हळूच विचारलं, "औषध गावला काय रे तुमका?"

तिच्या दिराला गेल्या वर्षी गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात नेलं होतं. गाठ काढली, मग रेडिएशनचा शेक दिला. आता परत फिट येतात.

मला उत्तर पाठ आहे. ऑपरेशन, रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड हे औषध. २००५ मध्ये तो मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, ग्लिओब्लास्टोमाचे निम्मे रुग्ण जगतात तो काळ १२.१ महिन्यांवरून १४.६ वर गेला, आणि अजून मुख्य उपचार तोच आहे. परीक्षेत याला पाच मार्क मिळाले असते. मी म्हटलं, "गाठीच्यो खूप जाती असतत, काकी. डॉक्टरांकच इचारा." ती बरं म्हणाली. दिराची गाठ कोणत्या जातीची होती हे मी विचारलं नाही. आजोबा त्या वेळी बाहेर बघत होते, आणि एरवी मला त्यांची जी कटकट वाटत होती ती त्या क्षणी हवी होती.

खरं सांगायचं तर मी त्या लॅबमध्ये काय केलं? बाटल्यांवर तारखा घातल्या. हातावर ७० टक्के अल्कोहोल मारून मारून कातडी सोलली. एका सोमवारी माझे सगळे फ्लास्क पिवळे, गढूळ निघाले, म्हणजे आत जंतू शिरलेले, तेव्हा बोलणी खाल्ली. ज्या गरम पाण्याच्या टबात सगळेच बाटल्या बुडवतात तो महिनाभर कुणी धुतला नव्हता, पण टब काही इंटर्न नसतो. मानधन शून्य, खोलीचं भाडं बाबांनी भरलं. पेशींना ताजं जेवण, ठरावीक तापमान आणि इन्क्युबेटरवर 'हळू उघडा' अशी पाटी. मला जिन्यात चहा. आता त्यांचा खोकाही सीटवर.

मालवणला पैसे देताना आजोबांनी ड्रायव्हरला सुनावलं, "पोराचे अर्धे घी. तो अर्धोच बसलोहा." ड्रायव्हरने दोन्ही पूर्ण घेतले.

घरी पोहोचलो तर खोक्याची बातमी माझ्याआधी पोहोचली होती. चौकेच्या वहिनी आमच्या मावशीच्या नात्यातल्या निघाल्या. आईने खोका उंबऱ्याच्या आत घेतला नाही. साबण, मीठ, चुन्याचं पाणी, सगळं करून झालं. मी शपथ घेऊन सांगितलं की यात मेंदू कधीच नव्हता. "माका ठावक हा," ती म्हणाली, "पण मामाक काय सांगू?"

सुरमई नेहमीसारखी केळीच्या पानात आणि गोणपाटात बांधून जाणार आहे. खोका मागच्या पडवीत आहे. परवा त्यात मांजर व्यालं. तीन पिल्लं आहेत, आणि आतमध्ये बऱ्यापैकी ऊब असावी, कारण मी डोकावलो की ती माझ्यावर फिस्कारते.