वारी चुकली म्हणून माळ तुटत नाही

'खरा वारकरी शेतकरी आयुष्यात एकही वारी चुकवत नाही' हे एका लेखातलं वाक्य खटकलं. आमचे आजोबा ९३ वर्षं जगले, बार्शीकडची कोरडवाहू सहा एकर. गळ्यात माळ पंधराव्या वर्षापासून. पण वाऱ्या? निम्म्याच झाल्या असतील. ज्येष्ठात पालख्या निघतात, नेमका तेव्हाच पाऊस लांबलेला असायचा आणि पेरणी अडलेली. मग आजी जायची दिंडीत आणि हे तिफण धरायचे. ७२ च्या दुष्काळात तर कार्तिकीला दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडत होते, पोरांच्या पोटासाठी. एकादशी मात्र तिथंही धरली. (तसंही त्या साली रोजच एकादशी होती, असं ते हसून सांगायचे.)

अहो, सावता माळी मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, देवच त्यांच्या गावी, अरणला आला असं आपण सगळे मानतो ना? मग हजेरीपट कशाला? शेवटच्या वर्षी हात थरथरायचे तरी माळेचा दोरा आजोबांनी स्वतःच ओवला. एक मणी कोनाड्यामागे गेला, तर तो सापडेपर्यंत जेवले नाहीत.