उत्तरे लोकांची, कुलूप कंपनीचे

ज्या सेवेच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत ‘कायमस्वरूपी मोफत’ असे लिहिलेले असते, तिने मोफत म्हणजे नेमके किती, हे त्याच पानावर आणि त्याच आकाराच्या अक्षरांत लिहिले पाहिजे. ते कोणीही लिहीत नाही, याची मला मनस्वी चीड आली आहे.

एका शिबिराच्या नावनोंदणीसाठी मला फॉर्म हवा होता. गूगल फॉर्म्समध्ये उत्तरांच्या संख्येला महिनावार मर्यादा नाही, हे मला ठाऊक होते. परंतु तेथे फाइल जोडायची असेल तर भरणाऱ्याला गूगल खात्यात लॉगिन करावेच लागते, आणि आमच्याकडे येणाऱ्या अनेकांना ते जमणारे नव्हते. लाइमसर्व्हे हे असे फॉर्म बनवण्याचे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत, म्हणजे कोणालाही घेऊन वापरता येणारे आहे, पण ते स्वतः चालवायचे तर पीएचपी ही संगणकभाषा आणि डेटाबेस असलेला सर्व्हर लागतो. तो नावनोंदणी घेणाऱ्या स्वयंसेवकाने कोठून आणायचा? म्हणून दोन संध्याकाळी घालवून मी एक तिसरी सेवा निवडली, फॉर्म बनवला, प्रश्न दोनदा तपासले आणि लिंक सर्वांना पाठवली.

तिसऱ्या दिवशी पडद्यावर पिवळी पट्टी आली. शंभर उत्तरे दिसत होती आणि त्यापुढच्या सदतीस ओळी धूसर करून प्रत्येकीसमोर कुलपाचे चिन्ह लावले होते. त्या सदतीस जणांना मात्र ‘आपली नोंद झाली आहे’ असा संदेश गेला होता. नोंद झाली म्हणून ते निश्चिंत, आणि त्यांचे फोन क्रमांक माझ्या डोळ्यांसमोर असूनही मला वाचता येत नाहीत! मर्यादा भरली होती तर फॉर्म बंद करायचा होता. भरणाऱ्याला तसे स्पष्ट सांगायचे होते. उत्तर घ्यायचे, आभार मानायचे आणि मग तेच उत्तर अडवून पैसे मागायचे, याला मी व्यवहार म्हणणार नाही. ही अडवणूक आहे.

नाव, क्रमांक आणि चार पर्यायांतील एक खूण, एवढा मजकूर काही किलोबाइटचाही नसतो. वेबपानावर फॉर्म भरून घेण्याची सोय 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएल 2.0 च्या, म्हणजे वेबपाने लिहिण्याच्या भाषेच्या, मानकातच आहे. कंपनीला खर्च असतो आणि तिने पैसे मागावेत, हे मला मान्य आहे. पण ते फॉर्म बनवण्याआधी मागावेत, लोकांनी विश्वासाने माहिती भरल्यावर नव्हे.

जी शंभर उत्तरे हाती लागली, त्यांचीही दैना झाली. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल उतरवून स्प्रेडशीटमध्ये उघडली, तर एकाही मराठी नावाचे अक्षर शिल्लक नव्हते. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्याला चिकटलेली चार पायांची गोल खूण, अशा रांगाच्या रांगा होत्या. युटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते आणि फाइलच्या आरंभी ओळखीची खूण नसेल, तर अनेकदा ते तीन बाइट तीन वेगवेगळी अक्षरे म्हणून वाचले जातात. ती खूणही तीनच बाइटची असते. ती घालण्याची तसदी या सेवेने घेतलेली नाही, आणि मदतकेंद्राने मला उत्तर काय दिले, तर ‘एक्सेल स्वरूपात निर्यात करण्याची सोय सशुल्क योजनेत उपलब्ध आहे.’ स्वतःच्या भाषेतली नावे नीट वाचता येणे ही चैन आहे का?

शेवटी मी नवा फॉर्म केला, जोडायची कागदपत्रे ईमेलवर मागवली आणि सर्वांना क्षमा मागून पुन्हा भरण्याची विनंती केली. त्यात एकोणतीस नवी नावे आली. उरलेले आठ जण कोण होते, हे मला शिबिराच्या दिवशी सकाळपर्यंत कळले नव्हते.