सूत जुळेना

माझ्या पंधरा वर्षे जुन्या पेट्रोल मोटारीला टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, बसवण्याची कल्पना भाच्याची होती, पैसे माझे होते आणि पुढचा मनस्तापही वाटणीत माझ्याच वाट्याला आला. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे मारतो आणि त्याला इंजिनाचेच तेल दाबाने पुरवावे लागते, नाही तर बेअरिंग पाहता पाहता जळते. ते तेल नेणारी नळी जेमतेम दीड फुटाची. टर्बो, मॅनिफोल्ड, इंटरकूलर ही मोठी मंडळी दोन दिवसांत जागेवर बसली. नळीच्या दोन टोकांच्या फिटिंगांनी मात्र मला तीन आठवडे सात रस्त्यापासून अक्कलकोट रस्त्यापर्यंत फिरवले.

सोलापुरात जन्मलेल्या माणसाला कोणी सूत शिकवू नये, असा माझा समज होता. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या मला हातमागाचे, गिरणीचे, चादरीचे, टॉवेलचे अशी सगळी सुते ठाऊक होती. पण हार्डवेअरच्या दुकानात सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवून तेथूनच तेल घ्यायचे आणि तेथील आटे १/८ इंचाचे आहेत, इतके भाच्याने पढवले होते. मी ऐटीत ‘एक सूत’ मागितले. दुकानदाराने पुढ्यात ठेवलेला पितळी तुकडा फारच धष्टपुष्ट दिसला, म्हणून व्हर्नियर लावला, तर तो भरला सव्वातीन सूत! “नावच तसं असतंय त्याचं, मालक,” दुकानदार शांतपणे म्हणाला. पाइपाचे नाव पडले जुन्या काळच्या आतल्या पोकळीवरून आणि आटे पाडतात बाहेरून, हे मला पुढे कळले. टर्बोला तेल नेणाऱ्या जाळीदार नळीचे नट ज्या अमेरिकी लष्करी पद्धतीचे असतात, तीत नळीचे माप इंचाच्या सोळांशांत मोजतात. म्हणजे ‘चार नंबर’ची नळी दोन सुतांची, पण तिच्या नटाचे आटे साडेतीन सुतांचे. एवढा हिशेब ऐकल्यावर दुकानातच कठड्याला धरून मी पाणी मागितले.

पाणी पिऊन झाल्यावर अंशांचा विषय निघाला. या नळीच्या टोकाचा शंकू ३७ अंशांचा असतो, आणि दुसऱ्या एका प्रचलित पद्धतीतला ४५ अंशांचा. सोलापूरकराच्या लेखी ३७ म्हणजे मार्च आणि ४५ म्हणजे कोपलेला मे. त्यापलीकडे अंशांशी आमचा संबंध नाही. चार नंबरात दोन्ही पद्धतींचे आटे एकच असल्याने ही दोन टोके एकमेकांत गुण्यागोविंदाने शिरतात, नट घट्ट होतो, पाना चालवणाऱ्याला समाधान वाटते आणि इंजिन सुरू होताच तेल ठिबकू लागते. मी ते समाधान दोनदा अनुभवले.

खरा घोळ मात्र इंजिनाच्या टोकाशी होता. मोटार जपानी घराण्याची, म्हणून तिच्या स्विचच्या जागेला ब्रिटिश आटे, इंचाला २८, आट्याच्या खाचेचा कोन ५५ अंशांचा. मी मागवलेले फिटिंग अमेरिकी, इंचाला २७, कोन ६० अंशांचा. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये ५५ अंश सुचवले, विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६० अंश, आणि या दोन सज्जनांच्या मतभेदाचा निकाल माझ्या बॉनेटखाली लागायचा होता. टर्बोच्या डोक्यावर बँजो बोल्टसाठी, म्हणजे आतून तेल जाऊ देणाऱ्या पोकळ बोल्टसाठी, पाडलेले छिद्र मिलिमीटरमधले, म्हणजे दीड फुटाच्या नळीवर तीन देशांची सरहद्द.

“बसतंय की मामा,” भाचा दोन फेरे फिरवून म्हणाला. तिसऱ्या फेऱ्याला फिटिंग अडले, आणि त्याने पान्याला लांब पाइप लावण्याचा बेत जाहीर केला, तेव्हा मी त्याला चहा आणायला पिटाळले. दुकानदाराने पांढऱ्या टेफ्लॉन टेपचा उपाय सुचवला होता. पण तिचा एखादा धागा सुटून तेलाच्या वाटेत अडकला, तर मोरीचा नळ दुरुस्त करावा तसा टर्बो दुरुस्त होत नाही.

शेवटी औद्योगिक वसाहतीतल्या एका म्हाताऱ्या टर्नरकडे गेलो. अण्णांनी आटे मोजायची पट्टी काढली, फिटिंगावर ठेवली, उजेडाकडे धरली आणि म्हणाले, “बसतंय म्हणून बसवायचं नसतंय, मालक. बघा, पट्टीतनं उजेड दिसतोय.” एका बाजूला २८ आट्यांचे निमुळते टोक आणि दुसऱ्या बाजूला चार नंबरचा ३७ अंशांचा शंकू असा अडॅप्टर त्यांनी लेथवर तासाभरात उतरवला. तेलाची वाट अरुंद करणारा रेस्ट्रिक्टर घालायचा का, यावर भाच्याच्या मित्रांत दोन तट होते. टर्बोला साधी बुश बेअरिंगे आहेत, बॉल बेअरिंगे नाहीत, हे पाहून अण्णांनी तो वाद एका नकारात मिटवला. बँजोच्या दोन्ही अंगांना तांब्याचे नवे वॉशर घालायला त्यांनी दोनदा बजावले.

बसवल्यावर तेल पोहोचेपर्यंत इंजिन सुरू न करता नुसते फिरवले, मग सुरू केले आणि रात्री मोटारीखाली वर्तमानपत्र अंथरले. पहिल्या सकाळी कागद कोरा, दुसऱ्या सकाळी कोरा. तिसऱ्या सकाळी अगदी बँजोच्या खालीच रुपयाएवढा तेलकट डाग दिसला. अंगातले अवसान गेले. अण्णांना फोन लावला आणि ते उचलेपर्यंत डागाला बोट लावून नाकाशी नेले. लसणाचा वास आला. आदल्या संध्याकाळी मी तेथेच उताणा पडून, हातात विजेरी धरून, भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली होती.