मार्क वाढतात, मी वाढताना पाहिलेत

गेल्या रविवारी ठाण्यातल्या किसननगरची एक मुलगी सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेच्या, सराव पेपरचा निकाल घेऊन आली. २०० पैकी ७१. बारावीत आहे, दोन महिन्यांपासून माझ्याकडे येते. दप्तर खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "ताई, मामा म्हणतायत, हिची कुवतच एवढी आहे. उगाच पैसे घालवू नका, बी.कॉम.ला टाका."

बी.कॉम.बद्दल माझं काही म्हणणं नाही. माझी सख्खी बहीण बी.कॉम. करून उत्तम नोकरी करतेय. पण 'कुवत' हा शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. गेली सहा वर्षं दर रविवारी ४ ते ७ मी वर्तकनगरच्या आमच्या घरात सात-आठ मुलांना गणित आणि फिजिक्स शिकवते. फी घेत नाही. आठवडाभर वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत नोकरी असते, त्यामुळे रविवारच मिळतो. या सहा वर्षांत हा शब्द मी इतक्या मुलांच्या तोंडून ऐकलाय की आज त्यावर लिहायचंच ठरवलं.

त्या दिवशी आम्ही बाकी सगळं बाजूला ठेवलं आणि तिचा पेपर जमिनीवर पसरून बसलो. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, वेळ ९० मिनिटं. तिने २२ सोडवले होते, त्यातले १३ बरोबर. म्हणजे २६. फिजिक्स-केमिस्ट्रीला प्रश्नाला एकच गुण; फिजिक्समध्ये १८, केमिस्ट्रीत २७. झाले ७१.

आता कोरे सोडलेले बघा. गणितात २८, फिजिक्समध्ये ११. मी विचारलं, कोरे का सोडलेस? म्हणाली, चुकलं तर मार्क कापतील म्हणून. अहो, आपल्या राज्याच्या सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापतच नाहीत! जेईई आणि नीटला कापतात, तिथे अंदाजाने ठोकून चालत नाही. इथे मात्र कोरा प्रश्न म्हणजे नुसतं नुकसान. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडला तरी त्या ३९ प्रश्नांतून सरासरी १७ च्या आसपास गुण हाती लागतात. दोन वर्षं कॉलेजात जाणाऱ्या मुलीला हे कुणीही सांगितलेलं नव्हतं. घरात पहिलीच मुलगी या परीक्षेला बसतेय, सांगणार कोण?

मग गणितातल्या नऊ चुका घेतल्या. चार ठिकाणी रीत बरोबर होती, पण घाईत कुठे चिन्ह फिरलं होतं, कुठे ३ चा वर्ग ६ झाला होता. तीन प्रश्न अकरावीचे, सरळ रेषा आणि संभाव्यता. खरोखर न कळलेले फक्त दोन. आणि २८ कोऱ्यांपैकी निदान वीस तिने वाचलेच नव्हते, कारण सुरुवातीलाच इंटिग्रेशनच्या एका गणितावर आठ मिनिटं गेली होती. गणितात एका प्रश्नाला सरासरी १ मिनिट ४८ सेकंद मिळतात. फिजिक्स-केमिस्ट्रीला तर ९० मिनिटांत १०० प्रश्न, म्हणजे ५४ सेकंद. अडलेला प्रश्न सोडून पुढे जायचं, ही सवय आहे. ती करून घ्यावी लागते, आणि सगळा पेपर वेळ लावून सोडवल्याशिवाय ती होत नाही.

आता या ७१ मध्ये कुवत नेमकी कुठे बसलीय, ते मला मामांनी दाखवावं.

अकरावीचं थोडं जास्त बोलते, कारण तिथे फार मुलं मार खातात. दहावी संपली की घरचेही म्हणतात, वर्षभर जरा श्वास घे, बारावी महत्त्वाची. पण सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात. गणिताचे दहा म्हणजे २० गुण, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे दहा-दहा. २०० पैकी ४० गुण! आणि तेही ठरावीक प्रकरणांवर. बारावीच्या दिवाळीनंतर कुणी अकरावीचं पुस्तक उघडत नाही. आमच्याकडे नियम आहे, प्रत्येक रविवारची सुरुवात अकरावीच्या दहा प्रश्नांनी. पुस्तकं बालभारतीचीच. परीक्षा राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर असताना जाडजूड गाइडांचे ढीग कशाला?

दुसरी गोष्ट वाचण्याची. मुलं मेहनत करत नाहीत, असं मला मुळीच वाटत नाही. करतात, पण धडा चार-चार वेळा वाचतात, पिवळ्या पेनने अख्खं पान रंगवतात आणि वाटतं, झाला अभ्यास. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने वाचण्याची एकच फेरी घेतली आणि मग तीनदा, न बघता, आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना साधारण ४० टक्के आठवत होतं आणि लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. म्हणून मी मुलांना म्हणते, पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर लिहा. फार त्रास होतो. काही आठवत नाही, रडू येतं, आपण ढ आहोत असं वाटतं. पण ओळखीचं वाटणं वेगळं आणि येणं वेगळं. हे घरी बसून कोऱ्या कागदासमोर कळलेलं बरं, परीक्षेच्या स्क्रीनसमोर नको.

'मार्कांना काही अर्थ नसतो' अशा पोस्टी निकालाच्या दिवसांत भरपूर फिरतात. लिहिणाऱ्यांच्या मनात पोरांची काळजी असते, ते मला कळतं. पण ज्या घरात दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतात, तिथे मार्क हाच एक दरवाजा असतो. माटुंग्याचं व्हीजेटीआय हे इंजिनिअरिंग कॉलेज १८८७ पासूनचं आहे, ठाण्याहून स्लो लोकल थेट तिथे जाते. पण आत जायचं तर सीईटीचे पर्सेंटाइल लागतात. २०२४-२५ पासून राज्य सरकारने ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. पण प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, मिळायला हवा. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला ती सवलत नाही. अशा मुलीला तू मार्कांचा विचार करू नकोस, असं मी कोणत्या तोंडाने सांगू?

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हेही पालकांना सांगावं लागतं. ८५ पर्सेंटाइल म्हणजे त्या सत्रात बसलेल्यांपैकी साधारण १५ टक्के मुलं पुढे आहेत. आपले गुण वाढले तसे इतरांचेही वाढतात. म्हणून प्रत्येकाला ९९ मिळतील असं मी कधीच म्हणत नाही. ७१ चे ११० होतात, हे मात्र मी छातीठोकपणे सांगते. एकदा नाही, दरवर्षी पाहिलंय.

आणि मेहनत म्हणजे जागरण नव्हे. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा येत होता. रात्री दोनपर्यंत अभ्यास, सकाळी सहाला क्लास. डिसेंबरात तो बोलेनासा झाला. विचारलं तर फक्त मान हलवायचा. मी त्याच्या आईला घरी बोलावलं आणि म्हटलं, वहिनी, पंधरा दिवस पुस्तकं कपाटात ठेवा, त्याला झोपू द्या, डॉक्टरांना दाखवा. त्यांनी ऐकलं. त्याचं वर्ष वाया गेलं नाही. गेलं असतं तरी माझा सल्ला तोच असता.

माझं स्वतःचं सांगते. २००८ मध्ये मी सीईटी दिली, तेव्हा कागदावर गोल काळे करायचे असायचे. त्याआधी बाबा मला एका क्लासमध्ये घेऊन गेले होते. तिथल्या सरांनी माझा दहावीचा निकाल पाहिला आणि बाबांनाच म्हणाले, "हिला झेपणार नाही." बाबा कारखान्यात होते, त्यांना उलट बोलता आलं नाही. घरी येताना तीन हात नाक्यापर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. मी शेजारच्या दादाच्या जुन्या पुस्तकांवर अभ्यास केला, पहाटे चारला उठून, कारण तेवढाच वेळ घरात शांतता असायची. त्या सरांना मी आजही विसरलेले नाही.

म्हणून एक मागणं आहे, ठाण्यातल्या माझ्या सगळ्या ओळखीच्यांकडे. या मुलांना आज सगळ्यात जास्त कमी पडते ती बसायला जागा. आपल्या शहरात १८९३ मध्ये लोकांनी मराठी ग्रंथसंग्रहालय उभं केलं. आपल्याला एक टेबल आणि एक ट्यूबलाइट देता येणार नाही? सोसायटीचं ऑफिस महिन्यात एखाद्या मीटिंगपुरतं उघडतं. संध्याकाळी सहा ते दहा ते मुलांना द्या. आपल्याच सोसायटीच्या नव्हे, समोरच्या चाळीतल्याही. विजेचं बिल किती वाढणार आहे?

आमच्या सेक्रेटरींकडे मी चावी मागितलीय. येत्या मीटिंगमध्ये विषय घेतो म्हणालेत.

ती मुलगी रविवारी पुन्हा येतेय. चार वाजता, पूर्ण पेपर, घड्याळ लावून. एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, एवढंच या वेळी ठरलंय. मामांनाही चहाला बोलावलंय.